गाडीच्या अंगभूत कॅमेऱ्यांचे चित्रण साठवायचे कशात? (टेस्ला मॉडेल वाय, जळगाव)

पिंप्राळेकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

या थंडीत आमच्या घरी टेस्लाची मॉडेल वाय आली. गाडीच्या कॅमेऱ्यांचे चित्रण जतन व्हावे म्हणून मी एका विक्रेत्याकडून ऑनलाइन ५१२ जीबीचा पेनड्राइव्ह मागवला. त्याची किंमत इतकी कमी होती की मनात पाल तेव्हाच चुकचुकायला हवी होती. गाडीने तो बिनतक्रार फॉरमॅट केला, पडद्यावरच्या कॅमेऱ्याच्या चिन्हावर लाल ठिपका दिसू लागला आणि मी निर्धास्त झालो.

मागच्या आठवड्यात धुळ्याहून परतताना, एरंडोल सोडल्यावर, एका कंटेनरने आमच्या डाव्या आरशाचे कवच घासून नेले. हॉर्न वाजवताच मागची दहा मिनिटे आपोआप जतन व्हावीत ही सोय मी चालू ठेवलेली होती आणि तिने आपले काम केलेही. चिन्हावर हिरवी खूण उमटलेली मी स्वतः पाहिली. घरी येऊन ड्राइव्ह लॅपटॉपला लावला. फोल्डर जागेवर होता, त्यात मिनिटामिनिटाच्या फाइली होत्या, प्रत्येकीच्या नावात तारीख, वेळ आणि पुढचा, मागचा, डावा, उजवा असा कॅमेऱ्याचा उल्लेखही होता. मात्र त्यांपैकी एकही फाइल उघडत नाही. सोबत जे एक लहानसे चित्र जतन होते, त्याच्या वरच्या निम्म्या भागात रस्ता आणि कंटेनरचा मागचा दरवाजा दिसतो आणि खालचा निम्मा भाग नुसता राखाडी आहे. क्रमांकाची पाटी नेमकी त्या राखाडी भागात.

आरशाचे कवच बदलून मिळेल, त्याचे फार दुःख नाही. परंतु हे असे का झाले, त्याऐवजी काय घ्यावे आणि पुढ्यात मे महिना असताना ते गाडीत टिकेल कसे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

केळीपट्टा

दादा, वाईट वाटले. माझी गाडी डिझेलवरची आहे आणि कॅमेरा बाहेरून बसवलेला आहे, त्यामुळे टेस्लाविषयी मी काही सांगू शकणार नाही. पण उन्हाविषयी सांगू शकतो. रावेरला केळीच्या वजनकाट्यापाशी गाडी दिवसभर उघड्यावर उभी असते. दोन उन्हाळ्यांत माझी दोन मेमरी कार्डे गेली, दोन्ही मे महिन्यातच. दोन्ही वेळा कॅमेरा चालू दिसत होता, फक्त चित्रण उतरत नव्हते. आमच्याकडे गच्चीवर घातलेल्या कुरडया दुपारपर्यंत कडक होतात. काचेआड ठेवलेल्या कार्डाची गत काही वेगळी होत नाही.

हतनूर

पिंप्राळेकर दादा, आपल्या वर्णनावरून हा उन्हाचा प्रकार वाटत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये एवढी उष्णता नसते. हा ड्राइव्ह बनावट असावा, असा माझा दाट संशय आहे आणि तसे म्हणण्याचे कारण आपण दिलेल्या तपशिलातच आहे.

बनावट ड्राइव्हमध्ये आतली चिप ३२ किंवा ६४ जीबीची असते, पण तिच्या कंट्रोलरला "मी ५१२ जीबीचा आहे" असे सांगायला शिकवलेले असते. संगणक किंवा गाडी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवते. खरी जागा संपेपर्यंत सर्व काही सुरळीत चालते. त्यानंतर येणारा मजकूर एक तर हवेत सोडून दिला जातो किंवा आधीच्याच मजकुरावर गिरवला जातो. फाइलींची नावे आणि त्यांच्या जागा ज्या तक्त्यात नोंदवलेल्या असतात, तो तक्ता ड्राइव्हच्या अगदी सुरुवातीला, म्हणजे खऱ्या जागेत असतो. म्हणून नावे शाबूत दिसतात आणि आतला ऐवज नाहीसा झालेला असतो. सात-बारावर नाव आहे, पण जमीन नदीत वाहून गेली आहे, असा हा मामला समजा.

विंडोजवर "एचटूटेस्टडब्ल्यू" नावाचा छोटा विनामूल्य प्रोग्राम मिळतो; मॅक आणि लिनक्सवर "एफथ्री" आहे. तो पूर्ण ड्राइव्ह चाचणीच्या मजकुराने भरतो आणि मग तो सगळा परत वाचून पडताळतो. ड्राइव्हवर जे काही असेल त्याची प्रत आधी काढून घ्या, मग ड्राइव्ह कोरा करून चाचणी लावा. वेळ भरपूर लागेल. रात्री लावून झोपा.

पिंप्राळेकर

हतनूर साहेब, आपला अंदाज तंतोतंत खरा ठरला. काल रात्री नऊला चाचणी लावली, ती आज दुपारी जेवणानंतर संपली. ५१२ म्हणवणाऱ्या ड्राइव्हवर २९ जीबीच्या आसपास मजकूर खरा निघाला आणि बाकी सर्व "हरवलेला" म्हणून लाल अक्षरांत दाखवले गेले. विक्रेत्याने परत घेण्याची मुदत उलटल्याचे कळवले आहे. तो विषय मी तिथेच सोडला.

आता नवे काय घ्यावे?

हतनूर

सविस्तर लिहितो, कारण या विषयावर "मोठ्यात मोठा घ्या" एवढाच सल्ला सर्रास दिला जातो आणि तो अपुरा आहे.

प्रथम आकाराचा हिशोब करू. टेस्लाच्या माहितीपुस्तिकेत किमान ६४ जीबीचा ड्राइव्ह आणि सलग ४ एमबी प्रतिसेकंद लिहिण्याचा वेग मागितला आहे. सलग हा शब्द महत्त्वाचा आहे. पाकिटावर ठळक छापलेला वेग बहुधा वाचनाचा असतो किंवा पहिल्या काही सेकंदांचा असतो. या ४ एमबीलाच वरची मर्यादा धरले, तरी तासाला १४.४ जीबी होतात. प्रत्यक्षात चार कॅमेऱ्यांच्या गाड्यांत तासाला साधारण ७ जीबी चित्रण साठते आणि नव्या गाड्यांत दारांमधल्या खांबांतले दोन कॅमेरेही भर घालतात, त्यामुळे दोन्हींच्या मधला कुठला तरी आकडा आपल्या वाट्याला येईल. अलीकडच्या चित्रणाच्या फोल्डरात जुने पुसून नवे लिहिण्याचे चक्र चालू असते, म्हणून तिथे जागा कधीच संपत नाही. आपण जतन केलेल्या क्लिपा मात्र आपण स्वतः पुसेपर्यंत पडून राहतात आणि उभ्या गाडीच्या पहाऱ्याच्या, म्हणजे सेंट्री मोडच्या, क्लिपांचा फोल्डर त्याहून वेगळा असतो. थोडक्यात, जागेसाठी १२८ जीबी सुखाने पुरतो. (१२८ जीबीचा ड्राइव्ह संगणकावर ११९ दिसला तर बनावट समजून घाबरू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीत, एवढाच तो फरक आहे.)

आता खरा प्रश्न झिजेचा. फ्लॅश चिपच्या प्रत्येक पेशीवर ठरावीक वेळाच लिहिता येते. गाणी किंवा लग्नाचे फोटो ठेवण्यासाठी बनवलेल्या ड्राइव्हवर वर्षातून चार-सहा वेळा लिहिले जाते; इथे गाडी जागी असेपर्यंत दर मिनिटाला लिहिले जाते. समजा आपण जळगावच्या बाजारात सेंट्री मोड रोज दहा तास चालू ठेवला आणि दोन तास गाडी चालवली, तर ७ जीबीच्या हिशोबानेही दिवसाला ८४ जीबी झाले. म्हणजे १२८ जीबीचा ड्राइव्ह दीड दिवसात एकदा पूर्ण नव्याने लिहून निघतो आणि वर्षाकाठी अशी सुमारे २४० चक्रे होतात. साध्या पेनड्राइव्हच्या चिपला अशी काहीशे चक्रेच झेपतात. तीच गोष्ट २५६ जीबीच्या ड्राइव्हवर केली तर चक्रे निम्मी होतात, कारण कंट्रोलर लिखाण सर्व पेशींवर वाटून टाकतो. मोठा ड्राइव्ह घ्यायचा तो याच कारणासाठी.

म्हणून माझा सल्ला असा की "एन्ड्युरन्स" या नावाने विकली जाणारी मायक्रोएसडी कार्डे घ्यावीत आणि ती चांगल्या यूएसबी कार्ड रीडरमध्ये बसवावीत. ही कार्डे पहाऱ्याच्या कॅमेऱ्यांसाठीच बनवलेली असतात. उदाहरणार्थ, सॅमसंग प्रो एन्ड्युरन्सच्या १२८ जीबी कार्डासाठी कंपनी ७०,०८० तासांच्या चित्रणाचा दावा करते आणि २५६ साठी त्याच्या दुपटीचा. जाहिरातीतल्या आकड्याला मी नेहमी निम्म्याने कापतो, तरी उरतात ते पुष्कळ आहेत. याउलट काही कंपन्या आपल्या साध्या कार्डांच्या वॉरंटीतून डॅशकॅमसारखा सततचा वापर स्पष्टपणे वगळतात. पाकिटाच्या मागचा बारीक मजकूर वाचावा.

केळीपट्टा भाऊंनी सांगितलेला उन्हाचा मुद्दा इथेच येतो. बऱ्याच पेनड्राइव्हांसाठी चालू स्थितीतली तापमानाची मर्यादा ० ते ६० अंश दिलेली असते, तर एन्ड्युरन्स कार्डांची उणे २५ ते ८५ असते. बंद काचांची गाडी उन्हात उभी राहिली की आतली हवा अर्ध्या-पाऊण तासात बाहेरच्यापेक्षा वीसेक अंशांनी सहज चढते. आपल्या भुसावळ-जळगावच्या ४५ अंशांत वीस मिळवा, म्हणजे साठची रेषा ओलांडलीच, आणि लिहिता लिहिता चिप स्वतः तापते ती उष्णता वेगळी. आपल्या गाडीत एक गोष्ट बरी आहे. साठवणीचा पोर्ट ग्लोव्हबॉक्सच्या आत आहे, काचेखाली नाही, त्यामुळे थेट ऊन लागत नाही. शिवाय केबिन ४० अंशांच्या वर तापू न देण्याची जी सोय गाडीत आहे ती मे महिन्यात चालू ठेवा. ती बारा तासांपर्यंत चालते आणि बॅटरी २० टक्क्यांखाली गेली की बंद होते. सेंट्री मोडही त्याच २० टक्क्यांवर थांबतो, हे लक्षात असू द्या.

मांडणी सोपी आहे. ग्लोव्हबॉक्समधला पोर्ट कोणत्या आकाराचा आहे ते पाहून रीडर घ्या. पुढच्या कन्सोलमधले पोर्ट चार्जिंगपुरते असू शकतात, तिथे लावून "ओळखतच नाही" असे म्हणू नका. रीडर लावल्यावर गाडीच्या पडद्यावरच, सेफ्टीच्या पानावर, फॉरमॅट करण्याचा पर्याय आहे. त्याने ड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीने तयार होतो आणि टेस्लाकॅम नावाचा फोल्डरही गाडीच बनवते. संगणकावर करायचे असेल तर एनटीएफएस टाळा, गाडी ते वाचत नाही. आणि फोल्डरचे नाव रोमन अक्षरांत, टी आणि सी मोठे ठेवून, मध्ये जागा न सोडता लिहा. ड्राइव्ह काढताना आधी कॅमेऱ्याच्या चिन्हावरून चित्रण थांबवा, मगच हात लावा. लिहिण्याच्या मध्येच ओढून काढलेल्या कार्डांचे तक्ते बिघडतात आणि मग दोष कार्डाला दिला जातो.

चोपडेकर

हतनूर साहेब, एवढे सगळे करण्यापेक्षा पोर्टेबल एसएसडी का लावू नये? माझ्याकडे एक रिकामी पडून आहे.

हतनूर

लावावी, काही हरकत नाही. झीज सोसण्याची तिची ताकद पेनड्राइव्हपेक्षा बरीच चांगली असते. पण तिच्यासाठीही चालू स्थितीतली मर्यादा बहुधा ६० अंशांचीच दिलेली असते, ती वीज अधिक खाते आणि तिचा वेग इथे वाया जातो. पडून असेल तर वापरा. नव्याने विकत घेणार असाल तर मी कार्डच घेईन.

लळिंग

मी धुळ्यात वकिली करते. तांत्रिक बाजू हतनूर साहेबांनी मांडली आहे. पण चित्रण साठवायचे ते शेवटी कोणाला तरी दाखवण्यासाठी आणि तिथे पुष्कळ लोक चुकतात.

माझ्याकडे अपघाताचे चित्रण घेऊन येणाऱ्या दहापैकी नऊ पक्षकारांकडे ते व्हॉट्सॲपवर असते. व्हॉट्सॲपवरून व्हिडिओ म्हणून पाठवलेली फाइल दाबून लहान केली जाते, म्हणजे ती मूळ फाइल राहत नाही. मूळ कुठे आहे असे विचारले की उत्तर मिळते, "कार्ड तर पुन्हा फॉरमॅट केले, ताई."

भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ हा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू आहे. इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत न्यायालयात दाखल करायची असेल तर त्याच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते. हे जुन्या कायद्यातल्या कलम ६५ब च्या जागी आलेले कलम आहे. नव्या नमुन्याचे दोन भाग आहेत: पहिला भाग उपकरण ज्याच्या ताब्यात होते त्याने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने. दोन्हींत फाइलचे हॅश मूल्य लिहावे लागते. हॅश म्हणजे फाइलच्या मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा. चित्रणातला एक ठिपका जरी बदलला तरी तो ठसा पूर्णपणे वेगळा येतो. व्हॉट्सॲपवरची प्रत आणि कार्डावरची फाइल डोळ्यांना सारखी दिसली तरी त्यांचे ठसे जुळत नाहीत, आणि समोरचा वकील नेमके तिथेच बोट ठेवतो.

जालन्याच्या निवडणूक वादातून आलेला अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल हा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निकाल आम्ही वकील मंडळी वारंवार उद्धृत करतो. प्रतीसाठी प्रमाणपत्र अनिवार्य आहे, परंतु मूळ उपकरणच त्याच्या मालकाने साक्षीला उभे राहून हजर केले तर त्याची गरज नाही, असे त्यात जुन्या कलमाच्या संदर्भात म्हटले आहे. म्हणून माझा आग्रह असा असतो की गंभीर प्रसंग घडला तर ते कार्डच गाडीतून काढावे, लिफाफ्यात घालून त्यावर तारीख, वेळ आणि स्वाक्षरी करावी आणि गाडीत दुसरे कार्ड लावावे. प्रत काढायची असेल तर त्याच दिवशी काढा आणि विंडोजच्या "सर्टयूटिल" आज्ञेने प्रत्येक फाइलचा एसएचए २५६ ठसा काढून कागदावर छापून ठेवा. पोलिसांनी कार्ड मागितले तर पंचनाम्यात कार्डाचा उल्लेख आणि ठसा दोन्ही येतील असे पाहा. कोणाला झटपट दाखवण्यासाठी पाठवायचेच असेल तर व्हॉट्सॲपवर "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा.

किरकोळ घासाघाशीसाठी एवढा खटाटोप कोणी करत नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण घटना किरकोळ आहे की नाही, हे त्या संध्याकाळी नेहमीच कळते असे नाही.

केळीपट्टा

लळिंग ताई, म्हणजे मी आजवर जपून ठेवलेला सगळा व्हॉट्सॲपचा साठा कुचकामी म्हणायचा का?

लळिंग

कुचकामी नाही, विमा कंपनीला घटना समजावून सांगायला त्याचा उपयोग होतो. न्यायालयात मात्र तो मूळ फाइलीच्या जागी उभा राहणार नाही.

अनेरकाठ

शिरपूरहून लिहितो. कार्ड दर वेळी काढून संगणकाला लावण्याचा ज्यांना कंटाळा आहे, त्यांच्यासाठी आणखी एक मार्ग आहे, तो मी मित्राच्या टेस्लामध्ये बसवून दिला आहे. "टेस्लायूएसबी" नावाचा मुक्तस्रोत प्रकल्प आहे. त्यात रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक ग्लोव्हबॉक्समधल्या पोर्टला जोडतात. गाडीला तो साधा पेनड्राइव्हच वाटतो. पण गाडी अंगणात आली आणि घरचे वायफाय सापडले की तो जतन केलेल्या क्लिपा आपोआप घरातल्या संगणकावर पाठवू लागतो. रास्पबेरी पायमध्येही मेमरी कार्डच असते, त्यामुळे एन्ड्युरन्स कार्डाचा सल्ला इथेही तसाच लागू आहे.

दोन अडचणी आल्या, त्या प्रामाणिकपणे सांगतो. मित्राच्या घरी दिवे गेले की राउटर बंद पडत असे आणि निम्म्यात तुटलेली पाठवणी पुन्हा सुरू होईपर्यंत गाडी झोपी गेलेली असे. मग पोर्टची वीजही बंद. शेवटी राउटर इन्व्हर्टरवर घेतला तेव्हा गाडा रुळावर आला. दुसरी अडचण उन्हाची. रास्पबेरी पायची चिप ८० अंशांच्या पुढे गेली की स्वतःचा वेग कमी करते. बंद प्लॅस्टिकची डबी काढून पंखे असलेले ॲल्युमिनियमचे कवच बसवले. तरीही ज्यांना तांत्रिक खटपटीची हौस नाही, त्यांनी या वाटेला जाऊ नये असे माझे मत आहे. बिघडले तर दुरुस्त करून देणारा माणूस आपल्या भागात सापडणे कठीण आहे.

लळिंग

एक राहिले. जतन केलेल्या प्रत्येक क्लिपेच्या फोल्डरात एक छोटी मजकुराची फाइल असते, तिच्यात घटनेची वेळ आणि जागेचे अक्षांश-रेखांश नोंदवलेले असतात. पुराव्यासाठी ती मोलाची आहे, ती पुसू नका. पण अख्खा फोल्डर गावाच्या ग्रुपवर टाकण्यापूर्वी हेही लक्षात घ्या की तुमची गाडी रोज रात्री कुठे उभी असते, हे त्यातून कोणालाही कळते.

पिंप्राळेकर

सर्वांचे आभार. काय केले ते नोंदवून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी शोधत आले तर उपयोग होईल.

एन्ड्युरन्स प्रकारची १२८ जीबीची दोन कार्डे आणि धातूचे कवच असलेला एक रीडर शहरातल्याच दुकानातून पावती घेऊन आणला. दुकानदाराला काउंटरवरच सांगितले की चाचणीत नापास झाले तर उद्या परत आणीन. त्याने हसून होकार दिला. दोन्ही कार्डांची रात्रभर चाचणी केली, दोन्ही पूर्ण भरली आणि पूर्ण वाचली गेली. एक गाडीत आहे आणि दुसरे चाचणी झालेल्या अवस्थेत, कोऱ्या लिफाफ्यासह, गाडीच्या कागदपत्रांच्या पाकिटात ठेवले आहे. रास्पबेरी पायचा मोह झाला होता, पण अनेरकाठ भाऊंचा शेवटचा परिच्छेद वाचून आवरला. सेंट्री मोड घराच्या आवारात बंद आणि बाजारात चालू, असा ठेवला आहे, त्यामुळे हतनूर साहेबांनी काढलेला ८४ जीबीचा आकडा माझ्याकडे निम्म्यावर यावा. दर महिन्याच्या एक तारखेला एखादी जतन केलेली क्लिप लॅपटॉपवर उघडून पाहायची, असे मोबाइलमध्ये स्मरण लावले आहे. लाल ठिपका चित्रण चालू असल्याचे सांगतो, ते नीट उतरले आहे याची हमी देत नाही, हे आता पुरते कळले.

काल रात्री कार्ड बसवल्यावर अंगणातच एकदा हॉर्न वाजवून पाहिला. शेजारच्या आजोबांनी खिडकी उघडून काय झाले असे विचारले. क्लिप लॅपटॉपवर व्यवस्थित उघडते. मागच्या कॅमेऱ्यात आमचे फाटक आहे, डाव्या कॅमेऱ्यात आजोबांची खिडकी आहे आणि समोर उभ्या असलेल्या स्कूटरच्या पाटीवरचा क्रमांक स्पष्ट वाचता येतो.